शिस्त कसली, तिकडे बाई येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पत्रांच्या पानावर युरोप टूर करून आलेल्या एका वाचकांचं पत्र होतं. तिकडचे रस्ते किती स्वच्छ, लोक कसे रांगेत उभे राहतात, कचरा कसा वेगवेगळ्या डब्यांत टाकतात, आणि शेवटी ठरलेलं वाक्य की शिस्त रक्तातच असावी लागते, आपल्या लोकांना ती कधी यायची नाही. असली पत्रं मी कित्येक वर्षं वाचतेय, आधी त्यात सिंगापूर असायचं, मग दुबई आलं, आता स्वित्झर्लंड-जर्मनी. देश बदलतो, पत्र तेच. यावेळी उत्तर लिहायला बसले कारण मी नुकतीच जर्मनीत राहून आलेय, टूरवर नाही, मुलीच्या बाळंतपणाला, म्हणजे भांडी घासण्यापासून कचरा खाली नेण्यापर्यंत सगळं केलंय. आणि माझं मत सांगायचं तर रक्तात वगैरे काही नसतं हो, तिकडे बाई येत नाही. बरीचशी शिस्त त्यातूनच निघते.

मुलगी-जावई स्टुटगार्टला असतात. मर्सिडीज, पोर्शे, बॉश सगळे तिथलेच, त्यामुळे मुंबई-पुण्याची इंजिनीअर मंडळी भरपूर, शनिवारी इंडियन स्टोअरमध्ये गेलात तर कढीपत्त्याच्या जुडीपाशी हमखास मराठी ऐकू येतं. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरं आहेत हे मला जावयाने सांगितलं. बहिणी असतील, पण एकीकडे बाई आहे आणि एकीकडे नाही, त्यामुळे दोघींचे संसार फार वेगळे.

गेल्यावर दुसऱ्याच दिवशी बघितलं तर फ्लॅटच्या दाराच्या मुठीला एक छोटीशी लाकडी पाटी अडकवलेली. मला वाटलं काहीतरी शुभेच्छा वगैरे असतील. तर ती होती 'केअरवोखं'ची पाटी, म्हणजे या आठवड्यात जिना झाडायची-पुसायची पाळी तुमची. आठवडा संपला की पाटी आपण शेजारच्या दाराला नेऊन अडकवायची, की आता तुम्ही. छोटी पाळी असते त्यात आपल्या मजल्याचा जिना आणि कठडा, मोठी पाळी आली की तळघर, खालचं दार, बिल्डिंगसमोरचा फुटपाथ, आणि बर्फ पडलं की सकाळी लोक कामाला निघायच्या आत तो फुटपाथ मोकळा करायचा, कुणी घसरून पडलं तर नुकसानभरपाई आपल्या गळ्यात येऊ शकते. आमचे जावई, ठाण्याला आईकडे असताना स्वतःचं ताट कधी सिंकमध्ये नेऊन ठेवलेलं मला माहीत नाही, ते शनिवारी सकाळी बादली आणि मॉप घेऊन जिन्यात. विहीणबाईंना व्हिडिओ कॉलवर ते दृश्य दाखवायचा मोह मला फार झाला पण मुलीने डोळे वटारले.

आता हे रक्तात आहे का? तिकडचेच लोक सांगतात की १४९२ मध्ये शहराचा नियम निघाला होता, ज्याने त्याने आपल्या दारातलं शेण-घाण दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकायची. म्हणजे तोपर्यंत टाकत नव्हते, सरळ आहे, नाहीतर नियम कशाला करावा लागला असता. पुढे १९८८ मध्ये महापालिकेने सक्ती काढून टाकली तरी भाडेकरारांत ते कलम राहिलं, आणि करारात नसलं तरी समोरच्या आजी आहेतच.

या आजी पंचाहत्तरीच्या पुढच्या असाव्यात, एकट्या राहतात, आणि जिना पुसून झाला की पाच मिनिटांत काहीतरी निमित्त काढून दार उघडतात. जावयाला एकदा त्यांनी वाकून पायरीची आतली कड बोटाने दाखवली, की मधे पुसलंस, कोपरे राहिले. आवाज चढवला नाही, हसल्याही नाहीत, नुसतं दाखवलं आणि आत गेल्या. संध्याकाळी त्याच आजी प्लमचा केक घेऊन दारात. आपल्याकडे हे कुणी तोंडावर सांगत नाही, आपण व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव न घेता टाकतो, 'काही सभासदांना विनंती आहे की', मग दोन जण अंगठा दाखवतात, तिसरा भांडण काढतो आणि जिना होता तसाच. बाळ घरी आल्यावर याच आजींनी पाटी आमच्या दारावरून स्वतःहून काढून नेली, म्हणाल्या तुमचा आठवडा मी करते, तुम्ही नंतर माझा एक करा. उपकार नाही काही, उधारी. आणि ती त्या वसूल करणार याची मला शंभर टक्के खात्री आहे.

बरं, बाई का येत नाही? येऊ शकते, पण परवडत नाही. जर्मनीत किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १२.८२ युरो होतं आणि २०२६ पासून १३.९० झालंय, म्हणजे आपले हजार-बाराशेच्या वर धरा, तासाचे. शिवाय घरकामाची बाई ठेवायची तर सरकारी ऑफिसात तिची नोंदणी करायची, अपघात विमा भरायचा, वर्षाला किमान ४ आठवडे भरपगारी रजा द्यायची, आजारी पडली तर ६ आठवड्यांपर्यंत पगार चालू. नोंदणी न करता गुपचूप बोलावणारेही पुष्कळ आहेत, ते काही सगळे हरिश्चंद्र नाहीत, पण तरी ते पैसे देऊन रोज दोन वेळा भांडी, केर-लादी, कपडे, वर पोळ्यांना वेगळी बाई हे स्वप्नात पण नाही. माझ्या मुलीसारखे दोघं कमावणारे सुद्धा फार तर पंधरा दिवसांनी दोन तासांसाठी कुणाला बोलावतात, आणि त्या दोन तासांच्या आधी स्वतः अर्धं घर आवरतात म्हणजे तिचा वेळ फुकट जायला नको. आपण काय म्हणतो, राहू दे तसंच, उद्या बाई येईल.

आता त्यांच्या सवयी एकेक बघत चला. संध्याकाळचं जेवण म्हणजे ब्रेड, चीज, काकडीच्या चकत्या, लोणचं, संपलं. गॅस पेटवतच नाहीत. आपली माणसं याला नावं ठेवतात, काय ते थंडगार खाणं, मी पण पहिले काही दिवस नाक मुरडलं, पण भांडी मोजा ना, दोन ताटल्या आणि एक सुरी. दुपारी ऑफिसात किंवा शाळेत गरम जेवलेले असतात, संध्याकाळी सहा-साडेसहाला हे खाऊन मोकळे. पाहुणे बोलवायचे तर दुपारी चारला कॉफी आणि केकवर, जेवायच्या आत पाहुणे घरी जातात आणि कुणालाही त्याचं वाईट वाटत नाही. ऑफिसात वाढदिवस असेल त्याने स्वतः केक करून न्यायचा, आणि आधल्या दिवशी शुभेच्छा अजिबात द्यायच्या नाहीत, अपशकुन समजतात (इतके शिकलेले लोक, पण यावर तडजोड नाही, मला ऐकून फार बरं वाटलं). भाड्याचं घर घेतलं तर आत किचन असेलच असं नाही, ओटा-कपाटं जुना भाडेकरू काढून घेऊन गेलेला असतो, मग नवीन आणा, स्वतः जोडा, सामान हलवायला मित्र येतात, त्यांना पिझ्झा आणि बीअर द्यायची, दुसऱ्या रविवारी आपण त्यांच्याकडे सोफा उचलायला जायचं. पॅकर्स-मूव्हर्स आहेत, पण परत तेच, माणसाचा तास महाग.

बाळंतपणाचं सांगते कारण त्यासाठी गेले होते आणि आपल्यातल्या बऱ्याच आया आता जाणार असतात. व्हिसा ९० दिवसांचा, १८० दिवसांत तेवढाच, त्यामुळे सव्वा महिना आधी नि सव्वा महिना नंतर असा हिशोब करून जावं लागतं. मी इथून डिंक, आळीव, सुंठ, बाळंतशेपा, वावडिंग सगळं बांधून नेलं होतं. धुरीचा मात्र पहिल्याच दिवशी निकाल लागला, तिकडे प्रत्येक बेडरूमच्या छताला धुराचा अलार्म लावणं कायद्यानेच सक्तीचं आहे, मुलीने वर बोट दाखवलं आणि म्हणाली आई, फक्त ओव्याची पुरचुंडी, तव्यावर गरम करून. मालिशवाली बाई नाही, तेव्हा बाळाचं नि बाळंतिणीचं मीच केलं. पण घरी सुईण येते. सरकारी आरोग्य विम्यातच ते बसतं, पहिल्या दहा दिवसांत अगदी रोज सुद्धा, नंतर गरजेप्रमाणे, बाळ १२ आठवड्यांचं होईपर्यंत. आमच्याकडे आली ती शिकलेली, टापटीप मुलगी, सायकलवरून यायची, वजनाचा काटा म्हणजे एक झोळी आणि हूक, त्यात बाळाला बसवून हातानेच उचलून धरायची. मी पाय पसरून पायांवर बाळाला घेऊन अंघोळ घालत होते तेव्हा तिने नुसतं बघितलं, खाली मांडी घालून बसली, पाण्यात कोपर बुडवून बघितलं आणि मुलीला विचारलं की हे रोज करता? त्यांच्यात आठवड्यातून एक-दोनदा अंघोळ, बास. मी म्हटलं रोज, तेल लावून. तिने वहीत काहीतरी लिहिलं, काय ते देव जाणे, पण मनाई नाही केली. उलट बाळंतिणीने पहिले सहा-आठ आठवडे झोपून राहायचं, पाहुणे कमी, हे तिचं नि माझं तंतोतंत एकमत झालं.

झोपून राहायचं तर घर कोण करणार, मी तर तीन महिन्यांची पाहुणी. जावयाने पालक-रजा घेतली होती. दोघांनी वाटून घेतली तर एकूण १४ महिने सरकार भत्ता देतं, पगाराच्या साधारण ६५ टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त १८०० युरो. दोन महिने बापाने घेतलेच नाहीत तर ते सहसा बुडतात, त्यामुळे बाप घेतात. प्रेमाने घेतात हो, पण बुडतात म्हणून पण घेतात. आता पत्र लिहिणारे वाचक म्हणतील बघा, तिकडचे पुरुष किती समंजस. समंजस आमचाच जावई आहे, ठाण्याचा, इथे असता तर आईने आणि बायांनी त्याला समंजस होऊ दिला असता का ते सांगा.

कचऱ्याचं पण तसंच. कागद वेगळा, भाजीची सालं तपकिरी डब्यात, प्लास्टिकची वेष्टणं पिवळ्यात, उरलेलं चौथ्या डब्यात, आणि काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या मोठ्या पेट्यांत, त्या सुद्धा पांढरी काच, हिरवी काच, तपकिरी काच वेगळी, आणि रविवारी किंवा रात्री टाकायच्या नाहीत, खळ्ळकन आवाज होतो म्हणून. आमच्या ह्यांचा दिवस त्यातच जायचा, खोके फाडून चपटे करायचे आणि आजींना विचारून टाकायचे. पाण्याच्या-कोल्ड्रिंकच्या प्लास्टिक बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत घेतात, २००३ पासून, सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये रिकामी बाटली घातली की चिठ्ठी येते, ती काउंटरवर दिली की पैसे परत. त्यामुळे बाटली रस्त्यात पडलेली दिसत नाही. शिस्त म्हणा हवं तर, मला तर ते पंचवीसेक रुपये दिसतात. आणि हे पण बघितलंय की स्टेशनच्या बाहेर एक म्हातारा माणूस, नीट इस्त्रीचा कोट वगैरे, हातात टॉर्च, कचऱ्याच्या डब्यात वाकून बाटल्या शोधत होता. लोक अशा माणसांसाठी बाटली डब्यात न टाकता डब्याच्या बाजूला उभी करून ठेवतात. टूरवाल्यांच्या फोटोत हा माणूस येत नाही. तसंच पहाटे ऑफिसं झाडणारे, बऱ्याच बिल्डिंगींत आता केअरवोखंऐवजी कंपनी येते त्यातले कामगार, हे बरेचसे बाहेरच्या देशांतून आलेले. माझी मुलगी पण बाहेरूनच आलेली, फक्त तिच्या हातात लॅपटॉप आहे. म्हणजे तिकडे कुणी कुणाचं उचलत नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये, पण उचलणाऱ्याचा भाव ठरलेला आहे, आणि तो भाव जास्त आहे म्हणून लोक आपलं आपण उचलतात.

आणि आपण? आपल्याकडे कचरा वेगळा होत नाही असं कोण म्हणतं. होतो की, फक्त आपण करत नाही. आपल्या डब्यातलं सॅनिटरी पॅड, वरणभात आणि काच एकत्र बांधलेली पिशवी सोसायटीच्या मावशी हाताने उघडतात, त्यातून सुका वेगळा काढतात, पुढे गाडीवर आणखी कुणी काढतं, त्यातून सुटलं तर देवनारच्या डंपिंग ग्राउंडवर, १९२७ पासून टाकतोय आपण तिथे, तिथल्या बायका काढतात, आणि धारावीत त्यातल्या प्लास्टिकचे परत दाणे होतात. रद्दीवाला घरी येऊन पेपर मोजून उलट आपल्यालाच पैसे देतो, ते पण आपण घासाघीस करून. बाटली परत करून पैसे घ्यायचं पण आपल्याला नवीन नाही, आरेच्या दुधाच्या काचेच्या बाटल्या धुऊन केंद्रावर परत देत होतो की आम्ही, चांदीच्या कागदाचं झाकण गोळा करायचो लहानपणी. मग पिशव्या आल्या. २०१८ ला प्लास्टिकबंदी झाली तेव्हा दुधाच्या पिशवीला ५० पैसे परत मिळणार असं ठरलं होतं, आठवतंय का कुणाला? आमच्या दूधवाल्याला विचारलं तर तो हसला नुसता. ५० पैशांसाठी कोण पिशवी धुऊन ठेवणार. २५ सेंट आणि ५० पैसे यातला फरक म्हणजेच तुमची ती रक्तातली शिस्त.

मी बाई ठेवू नका म्हणत नाहीये, गैरसमज नको. माझ्याकडेही येतात, कळव्याहून ट्रेनने, चार घरं करतात, त्यांचा संसार त्यावर चालतो, उद्या सगळ्यांनी जर्मन व्हायचं ठरवलं तर त्यांनी काय करायचं. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झालाय, त्यात नोंदणी करता येते, आमच्या विंगमध्ये विचारलं तर कायद्याचं नाव सुद्धा ऐकलेलं कुणी निघालं नाही, बायांनाही माहीत नव्हतं. आणि याच विंगमध्ये बाईने महिन्यात तिसरी सुट्टी घेतली की पैसे कापायचे का यावर अर्धा तास चर्चा होते, लिफ्टमध्ये.

जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात हे सगळे टूरवाले तक्रारीच्या सुरात सांगतात, दूध मिळालं नाही, अमुक मिळालं नाही, शेवटी स्टेशनवर जावं लागलं. १९१९ च्या त्यांच्या घटनेत रविवारची सुट्टी राखून ठेवलेली होती, १९४९ ला नवीन घटना केली तेव्हा ते कलम तसंच ठेवलं. म्हणजे काउंटरवरच्या मुलीला पण रविवार आहे. सकाळी काही तास बेकरी उघडी असते तेवढीच, मग सगळं गाव जंगलात चालायला. मला पहिल्या रविवारी भकास वाटलं खरं, मुलुंडला रविवारी भाजी मार्केटात काय गर्दी असते माहीत आहे ना. पण तेव्हाच मनात आलं की आमच्या सोसायटीच्या मावशींना रविवार नाही, आठवड्याचे सातही दिवस त्या सकाळी सातला जिन्यात असतात, आणि हे आम्हा बावन्न फ्लॅटवाल्यांपैकी कुणाला कधी खटकलं नाही.

म्हणून परत आल्यावर वार्षिक सभेत मी ठराव मांडला, साधा, की मावशींना रविवारची भरपगारी सुट्टी द्यावी आणि त्या दिवशी ज्या त्या मजल्याने आपापला जिना झाडावा, पाळी लावून. पाटी मी देते करून म्हटलं. सेक्रेटरी म्हणाले वहिनी, तिकडचं इकडे चालत नाही. चौथ्या मजल्यावरचे एक जण, जे स्वतः दरवर्षी युरोपला जातात आणि गटारीपासून गणपतीपर्यंत आपल्या लोकांना शिस्त नाही हे ग्रुपवर टाकत असतात, ते म्हणाले आम्ही मेंटेनन्स कशाला भरतो मग. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन मुली मात्र तयार झाल्या, आमचा मजला पण. बाकी विषय पुढच्या सभेत.

तर तुमच्या वाचकांपैकी कुणाच्या सोसायटीत अशी पाळी किंवा सफाई कामगारांना पगारी साप्ताहिक सुट्टी चालू असेल तर कृपया इथेच कळवावं, विक्रोळी-भांडुपपर्यंतचं चालेल, जर्मनीचं उदाहरण दिलं की सेक्रेटरी ऐकत नाहीत, त्यांना जवळचं हवंय.

आपली,
एक वाचक, मुलुंड (पूर्व)